विषयनिवड आणि विषयमर्यादा : लोंढा जंक्शनच्या निमित्ताने

पदवी वर्गातील विद्यार्थ्याला शोधनिबंधाचा विषय विचारला असता 'भारतीय रेल्वेचा इतिहास' किंवा 'सीमाप्रश्न' असे उत्तर बहुधा मिळते. हे विषय नव्हेत, विषयांची कोठारे आहेत. वीस पानांत भारतीय रेल्वे मावत नाही. मावते ती एखाद्या गाईडची नक्कल. वि. का. राजवाडे यांच्यासारख्या व्यासंगी संशोधकानेही 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो 1750 ते 1761 या काळापुरता.

खानापूर तालुक्यातील लोंढा जंक्शन घेतले तर विषय आखडत कसा न्यावा, हे स्पष्ट होते. लोंढ्याला फाटा का फुटला, याचे उत्तर 26 डिसेंबर 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात आहे. या तहाने मार्मागोवा बंदर व रेल्वेची वाट मोकळी केली, दोन्ही मुलखांतील जकातीची भिंत काढली आणि गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आणला. मोबदल्यात पोर्तुगीजांना दरसाल 4 लाख रुपये मिळत. तह 1892 मध्ये संपला; रेल्वे मात्र राहिली. मार्मागोव्याहून घाट चढून कॅसलरॉकला येणारा हा लोहमार्ग 1888 मध्ये सदर्न मराठा रेल्वेच्या मीटरगेज मार्गाशी जोडला गेला.

येथे विद्यार्थ्याची पहिली फसगत होते. संदर्भासाठी तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड उघडतो. तो खंड 1884 चा, म्हणजे जंक्शन सुरू होण्यापूर्वीचा. धावत्या लोंढ्याचे वर्णन त्यात कोठून मिळणार? साधनाचे साल न पाहता विषय ठरविला की असे होते. खुद्द तहाचा विषय मोठा मोहक आहे, पण त्याची मूळ कागदपत्रे इंग्रजी व पोर्तुगीज भाषांत आहेत. सेतुमाधवराव पगडी फार्सी जाणत होते, म्हणूनच मोगल दरबाराची बातमीपत्रे ते मराठीत आणू शकले. पोर्तुगीजचे एक अक्षरही न येणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय देणे म्हणजे त्याला दुसऱ्याच्या उष्ट्यावर बसविणे होय.

मग त्याच्या आवाक्यातले काय? ऑगस्ट 1955 च्या गोवा सत्याग्रहानंतर भारताने सरहद्द बंद केली आणि कॅसलरॉकपुढची गाडी थांबली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ही कोंडी टिकली. दरम्यान 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे सहा-सात वर्षांत या एका स्थानकाच्या एका बाजूची सरहद्द बंद झाली आणि दुसऱ्या बाजूची बदलली. 'गोवा नाकेबंदीच्या काळातील लोंढा जंक्शन, 1955-1961' असे शीर्षक दिल्यास काळ, स्थळ आणि प्रश्न तिन्ही बांधले जातात. प्रश्न साधाच आहे : गोव्याची गाडी थांबल्यावर हमाल, चहावाले, व्यापारी आणि रेल्वे कामगार यांचे काय झाले?

या प्रश्नाची साधने विद्यार्थ्याच्या भाषांतली आहेत. बेळगावचे 'तरुण भारत' 1919 पासूनचे. त्या सहा वर्षांचे अंक जेथे सापडतील तेथे बसून चाळावेत. रेल्वेचे कागद शोधताना हेही ध्यानात असावे, की तेव्हा हा मार्ग 1951 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण रेल्वेकडे होता. आज तो 2003 मध्ये सुरू झालेल्या नैऋत्य रेल्वेत आहे. चुकीच्या दारावर अर्ज दिला तर महिने जातात. घरोघरच्या मराठी, कोकणी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या वृद्धांच्या मुलाखती घेता येतात, आणि खरी घाई याच कामाची आहे. 1955 मध्ये वीस वर्षांचा असलेला कामगार आज नव्वदीच्या घरात आहे. वर्तमानपत्राचे अंक पुढच्या वर्षीही चाळता येतील. त्याची मुलाखत कदाचित नाही. म्हणून विषय मंजूर होताच आधी मुलाखती, मग ग्रंथालय, असा क्रम ठेवावा. नेहमीच्या सांगण्याच्या हा उलटा आहे, पण येथे तोच योग्य.

मुलाखतीत 'तेव्हा कसे होते?' असे विचारू नये; उत्तरही तसेच मोघम येते. कोणती गाडी बंद झाली, त्या महिन्यात घरात पगार किती आला, कोणाची बदली झाली, गोव्यातल्या नातेवाइकांचा निरोप कोणत्या वाटेने येई, असे विचारावे. साल चुकणारच, ते वर्तमानपत्राशी ताडून घ्यावे. साक्षीदार दोनच मिळाले तर शीर्षकातून 'जंक्शन' काढून 'दोन रेल्वे कुटुंबे' असे घालावे आणि काम पुढे न्यावे.