कॅटलन प्रारंभ (देशमुख–हंपी, बाटुमी २०२५)

बुद्धिबळातील वजिराच्या बाजूचा प्रारंभ. पांढरा डी४ व सी४ ही प्यादी पुढे नेतो, जी३ खेळून राजाकडचा उंट जी२ वर ठेवतो. तेथून उंटाची नजर एच१–ए८ या लांब कर्णावर राहते. काळ्याने सी४ वरचे प्यादे घेतले, तर ते टिकवताना त्याच्या वजिराकडची बाजू उघडी पडते. खरी मेख तिथेच आहे. १९२९ मध्ये बार्सिलोनाच्या स्पर्धेत आयोजकांच्या विनंतीवरून टार्टाकोव्हरने हा प्रारंभ खेळला, म्हणून कॅटलोनियाचे नाव.

मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा असा डाव २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे झाला. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीतील दोन्ही दीर्घ डाव व पहिला जलद डाव बरोबरीत सुटले होते. दुसऱ्या जलद डावात कोनेरू हंपीने पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलन निवडला. नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने घड्याळाच्या ताणातही डोके शांत ठेवले आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला. निकाल २½–१½. याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळवणाऱ्या भारतीय महिलांत चौथी. डाव संपताच ती आईच्या मिठीत रडली.