सेटलमेंटच्या कायद्याचा दुसरा भाग

सोलापुरात कुणाही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, पुढे पत्ता सांगावा लागत नाही. इंग्रजांनी कैकाडी, भामटे, पारधी अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं, ती ही जागा. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांच्यावरचा शिक्का पुसला गेला, हे इथली शाळकरी पोरंही सांगतील. पण या साऱ्याचं मूळ असलेल्या १८७१ च्या कायद्याला दुसरा भाग होता, आणि तो हिजड्यांसाठी होता. (हल्ली आपण तृतीयपंथी म्हणतो. तेव्हाच्या सरकारी कागदांत एवढी सभ्यता नव्हती.)

त्यात संशयितांची नावं, पत्ते आणि चीजवस्तूंची नोंदवही ठेवायची होती. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर लुगडं-दागिने घालून दिसली किंवा नाचली-गायली, की वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करायचं नाही, मुलगा दत्तक घ्यायचा नाही. म्हणजे गुरूचं घर चेल्याकडे जायची वाटच बंद! हा कायदा लागू झाला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग गळाला.

आपल्या दख्खनात वेगळंच घडलं होतं. मराठेशाहीत काही हिजड्यांना गावोगाव मागून खाण्याचा हक्क होता, थोड्यांना इनामही होतं. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची मान्यता काढून घेतली. मागणं मात्र सुटलं नाही, फक्त कालचा हक्क आज भीक झाला. मला विचाराल तर अटकेपेक्षा हा घाव खोल.

आमच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते असतात. परडी घेऊन दारात आले की आपण हात जोडतो, भंडारा लावून घेतो. तोच जोगता दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला की शेजारची बाई पदर सावरून सरकते. देवीचा माणूस आजारी पडला की कुणाचाच राहत नाही.

आणि आजार काही थोडे नाहीत. पूर्वी 'निर्वाण' म्हणजे जाणत्या दाईने चोरून केलेली शस्त्रक्रिया, ना भूल ना टाके. कित्येक त्यातच गेल्या. संप्रेरकाच्या गोळ्या आजही अनेकजणी डॉक्टरला न दाखवताच घेतात. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण तीन टक्क्यांहून थोडं जास्त निघालं, सर्वसाधारण प्रौढांत ते पाव टक्क्याहूनही कमी होतं. दवाखान्यात पहिल्याच खिडकीवर 'पुरुष की स्त्री' विचारून हसं होणार असेल, तर तपासणीला जाईल कोण?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी ही ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्यात शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार आणि विम्याची तरतूद आली. २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांचं कवच जाहीर झालं. कागद चांगला आहे. पण आधी ओळखपत्र हवं आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. नावांची नोंद म्हटली की पोटात गोळा येणारच, मागचा इतिहास पाहता.

असो. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानाने सरपंच केलं. गाव त्यांना 'माऊली' म्हणतं.