आधी पाणी, मग मासे

गेल्या उन्हाळ्यात मी तीन आठवड्यांत सहा मासे मारले. मुद्दाम नाही अर्थात. उलट जरा जास्तच काळजी घेऊन मारले.

झालं असं, की बाबा रिटायर होऊन सिन्नरजवळ गावच्या घरी राहायला गेले. त्याआधी पुण्यात आमच्याकडे असताना त्यांना सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा, म्हणजे ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेल्या जपानी बागेचा, नाद लागला होता. तिथल्या तळ्याकाठी ते तासन् तास बसायचे. गावी अंगणात सिमेंटचा जुना हौद पडून होता. म्हटलं, बाबांना कोई मासे पाळून देऊ. इंजिनियर माणूस, पंप आणि फिल्टर म्हणजे काय अवघड? शनिवारी जाऊन हौद ब्रशने घासला, ब्लीचिंग पावडर टाकली, चार-पाच वेळा धुतला. फिल्टरमधला स्पंजसुद्धा गरम पाण्यातून काढला. बोअरचं पाणी भरलं, पंप चालू, मासे आत. पाणी काचेसारखं नितळ. दहाव्या दिवशी पहिला मासा उलटा तरंगला.

बग सापडला नाही की मी आधी कोडची जुनी हिस्टरी काढून बघतो. इथेही तेच केलं.

कोई म्हणजे कुणी वेगळा राजेशाही मासा नव्हे. आपल्याकडे कटला-रोहूच्या जोडीला सायप्रिनस मिळतो ना, त्याचाच हा रंगीत भाऊ. जपानच्या निइगाता प्रांतातल्या यामाकोशी आणि ओजिया या डोंगराळ भागात शेतकरी हा मासा खाण्यासाठी पाळत. हिवाळ्यात तिथे तीन-चार मीटर बर्फ पडतो, रस्ते बंद होतात. अशा वेळी घरात प्रोटीन हवं, म्हणून भातखाचरांच्या वर पाणी साठवायला जी तळी असत त्यांत मासे सोडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या काळ्या-करड्या माशांत अधूनमधून लाल, पांढरी पिल्लं दिसू लागली. आपण असतो तर कदाचित तीही रश्शात टाकली असती. त्यांनी बाजूला काढली, आपापसात वाढवली. शंभरेक वर्षं हा प्रकार डोंगरातच राहिला. 1914 साली टोकियोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हे मासे नेले आणि मग सगळ्या जपानला त्यांचं वेड लागलं. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आणि विमानं आली आणि मासे जगभर गेले.

आता यातली माझ्या कामाची गोष्ट अशी, की त्या शेतकऱ्यांकडे फिल्टर नव्हता. तळी मातीची, पाणी गढूळ, तळाशी वीतभर चिखल. माझ्या हौदापेक्षा कितीतरी घाण! आणि मासे धडधाकट.

याचं उत्तर माशांच्या इतिहासात नाहीये, सांडपाण्याच्या इतिहासात आहे. मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे विषारी पाणी नितळ दिसू शकतं. (हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!) पण जमिनीत मात्र अमोनियाचं नायट्रेट होतं, हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं, बंदुकीच्या दारूचा सोरा याच वाटेने तयार व्हायचा. हे नुसतं रसायन आहे की कुणी जिवंत हे काम करतंय, यावर मात्र वाद होता.

1877 साली श्लोजिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एक लांब नळी घेतली, तिच्यात वाळू आणि थोडी चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. जसं पाणी वरून गेलं तसंच खालून आलं. मग अचानक नायट्रेट दिसायला लागलं, आणि हळूहळू अमोनिया नाहीसा झाला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम ठप्प. पुन्हा ताज्या मातीचं पाणी घातलं. काही दिवसांनी काम परत सुरू. साधं रसायन असतं तर वीस दिवस वाट कशाला बघितली असती? आणि क्लोरोफॉर्मने बेशुद्ध कशाला पडलं असतं? मला हा प्रयोग इतका आवडला की रात्री एक वाजता मी एकटाच हसत होतो. हे निव्वळ डीबगिंग आहे हो. एक गोष्ट बंद करून बघायची, परत चालू करून बघायची.

पण कोण करतंय हे अजून दिसलं नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने जंतू वाढवायला गेलं की भलतेच जंतू वाढायचे. 1890 साली झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीने उलटा विचार केला. त्याने खाऊच काढून घेतला. साखर नाही, मांसाचा अर्क नाही; नुसते क्षार आणि अमोनिया. जे अमोनियावर जगतात तेवढेच उरले. काम दोन पायऱ्यांचं निघालं: एक जण अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला विषारीच, म्हणजे पहिला आला आणि दुसरा आला नाही तरी मासे जातातच. त्याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी वाळू-खडीच्या टाक्यांतून सांडपाणी सोडायचे प्रयोग चालले होते. आज तळ्याच्या फिल्टरमध्ये ज्या जाळ्या, स्पंज आणि प्लास्टिकची चाकं असतात, ती सगळी त्या वाळूची पोरं. जंतूंना चिकटून बसायला जागा, एवढंच त्यांचं काम.

गंमत म्हणजे 2015 साली या गोष्टीत आणखी एक वळण आलं. दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा जंतू सापडला, आणि तो सापडला त्यातली एक जागा होती मासे पाळायच्या टाकीला जोडलेला फिल्टर! सव्वाशे वर्षं सगळे त्याच्यासमोरून ये-जा करत होते.

म्हणजे यामाकोशीच्या तळ्यातला चिखल हाच फिल्टर होता. मी तो घासून, ब्लीच करून, गटारात सोडला. वर बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. सातच्या पाण्यापेक्षा आठच्या पाण्यात अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट असतो. जो स्पंज मी गरम पाण्यातून काढला त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको.

यामाकोशीचे लोक आजही उन्हाळ्यात मासे मातीच्या तळ्यातच ठेवतात आणि थंडीआधी आतल्या टाक्यांत आणतात, जिथे पंप आणि फिल्टर असतात. 23 ऑक्टोबर 2004 ला, म्हणजे नेमक्या या हलवाहलवीच्या दिवसांत, तिथे 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. दरडी कोसळल्या, तळी फुटली, वीज गेली, पंप बंद पडले, असंख्य मासे मेले. गावातल्या दोन हजारांहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं, सगळं गाव रिकामं झालं. नंतर उरलेले काही मासेही हेलिकॉप्टरने काढले. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण दोनशे वर्षांचं काम त्या माशांच्या अंगावर होतं, दुसरीकडे कुठे त्याचा बॅकअप नव्हता.

हे वाचल्यावर मी आधी इन्व्हर्टरचा विचार केला. सिन्नरकडे वळवाच्या पावसात दोन-चार तास लाइट जाते आणि गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी. पंप थांबला की माशांबरोबर फिल्टरमधले जंतूही गुदमरतात. जुना हौद दीड हजार लिटरचा होता, सहा वाढत्या कोईंना अगदीच लहान. नवं तळं तीन बाय दोन मीटर, दीड मीटर खोल, म्हणजे 9,000 लिटर. पंप असा, की सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून जाईल. आणि फिल्टरची पेटी माझ्या पहिल्या अंदाजाच्या तिप्पट. खर्च विचारू नका.

तळं भरून तेवीस दिवस झालेत. आत एकही मासा नाही. ओळखीच्या एकाच्या चालू तळ्यातला जुना, घाणेरडा स्पंज मागून आणला, न धुता फिल्टरमध्ये ठेवला, आणि बाबा चमच्याने मोजून अमोनियम क्लोराइड घालतात. शेजारचे येऊन रिकाम्या तळ्यात वाकून बघतात. बाबा रोज सकाळी पाणी तपासून दोन काचेच्या नळ्यांचा फोटो पाठवतात. आज अमोनियाची नळी पहिल्यांदा हिरव्याची पिवळी झाली. नायट्राइटची अजून जांभळीच आहे.

"आता आणायचे का रे मासे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"नाही बाबा. दुसरा यायचाय अजून."