प्रश्नचिन्ह आदिवासी आश्रमशाळा

अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चवाळा (ता. नांदगाव खंडेश्वर) येथील फासेपारधी मुलामुलींची निवासी शाळा. स्थापना २०१२. संस्थापक मतीन भोसले स्वतः फासेपारधी आहेत. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी रेल्वे स्थानकांवर आणि सिग्नलवर भीक मागणारी मुले गोळा केली व शाळा उभी केली. पुढे विद्यार्थिसंख्या चारशेवर गेली.

विद्यार्थिवर्ग : जवळजवळ सर्व मुले एकाच जमातीची असल्याने जातवार टक्केवारीचा तक्ता येथे फारसे काही सांगत नाही. मूल कोणत्या बेड्यावरून (पारध्यांच्या वस्तीवरून) आले, किती वर्षांचे झाल्यावर आले आणि त्याच्यामागे कोण आहे, हे पाहावे लागते. तितर-बटेर फाशात धरणे हा या जमातीचा परंपरागत व्यवसाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तोच गुन्हा ठरला. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातून मात्र नाही. चोरी झाली की पहिला संशय बेड्यावरच. त्यामुळे वडील तुरुंगात असलेली, आईबापाविना वाढलेली मुले या पटावर आहेत.

वयाचा प्रश्न तितकाच अवघड. पालावर जन्मलेल्या मुलाची ग्रामपंचायतीत नोंद नसते. दाखलखारिज रजिस्टरातील जन्मतारखेचा रकाना अंदाजाने भरावा लागतो. दहा-अकरा वर्षांचे मूलही प्रथमच पाटी हाती धरते. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. पण घरी पारधी बोलणाऱ्या मुलाला मराठी अक्षरओळखच नसेल, तर सहावीचे पुस्तक त्याच्या काय कामाचे?

जमात अनुसूचित आहे, तरी सवलती आपोआप मिळत नाहीत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्या कुटुंबाने तो आणायचा कुठून? ही अट भटक्यांसाठी सरळ अन्यायाची आहे.

समृद्धी महामार्गासाठी २०१९ मध्ये शाळेचे ग्रंथालय पाडण्यात आले.