सावली न पाडणारा उजेड : वीपुरीच्या ग्रंथालयाची गोष्ट

१/ वाचणाऱ्याच्या हाताची सावली पुस्तकावर पडू नये, एवढ्यासाठी कुणी छपराला ५७ गोल झरोके पाडील का? फिनलंडमधील वीपुरी या शहरात १९३५ साली उघडलेल्या ग्रंथालयात ते पाडले गेले. आज ते शहर फिनलंडमध्ये नाही; ग्रंथालय मात्र आपल्या जागी आहे. थंड प्रदेशातील वास्तूत नैसर्गिक प्रकाश कसा आणावा, या प्रश्नाचे एक नितळ उत्तर आणि त्या उत्तरावर पुढे ओढवलेला इतिहास, यांविषयीचा हा थ्रेड.

२/ आधी थोडा भूगोल. वीपुरी ६० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर वसलेले आहे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सहाएक अंशच वर येतो. जूनमध्ये दिवस सुमारे १९ तासांचा होतो; तरीही मध्यान्हीचा सूर्य ५२-५३ अंशांपलीकडे चढत नाही. तुलनेसाठी : पुण्यात संक्रांतीच्या दुपारी सूर्य साधारण ५० अंशांवर असतो. म्हणजे आपला ऐन हिवाळ्यातला सूर्य जेवढ्या उंचीवर, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर त्यांचा ऐन उन्हाळ्यातला सूर्य. आपल्याकडे वर्षातून दोनदा ‘शून्य सावली’ दिवस येतो. तेथे तो कधीच येत नाही.

३/ त्यामुळे उत्तरेकडील प्रश्न केवळ ‘उजेड कमी’ एवढाच नाही. उजेड येतो तो आडवा येतो. भिंतीतल्या खिडकीतून शिरलेले ऊन थेट डोळ्यांवर येते, पानावर चकाकते आणि खोलीचा दुसरा कोपरा अंधारातच ठेवते. खिडकी मोठी केली तर ऊब निसटते, लहान केली तर दिवसाही दिवा लावावा लागतो. शेकडो वर्षे थंड प्रदेशातील माणसाने ऊब आणि उजेड यांपैकी बहुतेक वेळा उबेची निवड केली.

४/ १९२७ साली वीपुरीच्या ग्रंथालयासाठी स्पर्धा झाली आणि ती जिंकली आल्वार आल्टो या २९ वर्षांच्या वास्तुविशारदाने. त्याचा मूळ आराखडा अभिजात वळणाचा होता. पण काम लांबले, जागा बदलली आणि दरम्यान आल्टोही बदलला. १९३३ पर्यंत आराखड्याचा कायापालट झाला होता. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे : बांधकाम वेळेवर सुरू झाले असते, तर आज आपण ज्या इमारतीविषयी बोलत आहोत ती उभी राहिलीच नसती.

५/ त्या काळाविषयी आल्टोने पुढे एका लेखात लिहिले आहे. आराखडा सुचेना, तेव्हा तो लहान मुलासारखी चित्रे काढीत बसे. डोंगर, त्यांचे उतार आणि त्या उतारांवर वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकणारे अनेक सूर्य. खाली-वर अशा पातळ्यांवर रचलेले वाचनालय आणि चहूकडून येणारा प्रकाश, या कल्पनेचे बीज त्या चित्रांत होते. ज्या देशात हिवाळ्यात एक सूर्यही पुरेसा लाभत नाही, तेथे त्याने कागदावर पुष्कळ सूर्य काढले.

६/ प्रत्यक्षात त्याने वाचनदालनाच्या भिंतीत खिडक्या ठेवल्याच नाहीत. प्रकाश छपरातून घेतला. काँक्रीटचे शंकूच्या आकाराचे ५७ झरोके, प्रत्येकाचा व्यास सुमारे १.८ मीटर. सारे गणित सूर्याच्या त्या ५२ अंशांवर बेतलेले. झरोका इतका खोल की जूनच्या दुपारचा किरणही थेट खाली पोहोचू नये. तो आधी झरोक्याच्या पांढऱ्या आतल्या बाजूवर आदळतो, विखुरतो आणि मग सौम्य होऊन खाली उतरतो. प्रकाश एकाच वेळी अनेक दिशांनी येत असल्यामुळे वाचक कोठेही बसला, तरी त्याच्या हाताची वा डोक्याची ठसठशीत सावली पानावर पडत नाही.

७/ प्रत्येक झरोक्यावर जाड काचेचे एकसंध गोल झाकण होते, चौकटीशिवाय. सांधा नाही, म्हणजे बर्फाचे पाणी मुरायला फट नाही. अर्थात काच ही काचच. तिच्यातून ऊब जाणारच. आजच्या ऊर्जा-हिशेबाने १९३५ ची ही इमारत आदर्श ठरणार नाही आणि ‘शाश्वत वास्तुरचना’ हा शब्दप्रयोगही तेव्हा रूढ नव्हता. पण दिवसा दिव्याविना वाचता यावे, हा विचार तेथे पुरता मुरलेला होता.

८/ त्याच सुमारास, १९३३ मध्ये, आल्टोचे पाइमियो येथील क्षयरोग रुग्णालय पूर्ण झाले. आडवा पडलेला रुग्ण दिवसभर छताकडेच पाहतो, म्हणून तेथील छताला गडद, शांत रंग दिला गेला आणि दिवा त्याच्या नजरेआड ठेवला गेला. दोन्ही वास्तूंची पद्धत एकच : आधी माणूस कसा बसतो किंवा निजतो ते पाहायचे, मग प्रकाशाला जागा द्यायची. या काळातील कामांत त्याची पत्नी आणि सहकारी वास्तुविशारद आयनो आल्टो हिचाही वाटा होता. तिचे नाव पुष्कळदा गाळले जाते.

९/ ग्रंथालय उघडून चार वर्षे होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. मार्च १९४० च्या तहात वीपुरी गेले, १९४१ मध्ये फिनिश सैन्याने ते परत घेतले, जून १९४४ मध्ये ते पुन्हा गेले आणि मग कायमचेच. फिनिश रहिवासी घरेदारे सोडून पश्चिमेकडे निघून गेले. वीपुरीचे व्हीबोर्ग झाले.

१०/ युद्धात ग्रंथालय बऱ्याच अंशी बचावले. त्याला खरा फटका बसला तो युद्धानंतरच्या ओसाडीचा. सुमारे दहा वर्षे इमारत रिकामी राहिली. उत्तरेकडील हिवाळ्यात न तापवलेली वास्तू आतून कुजत जाते. याच काळात पश्चिमेकडे ती जमीनदोस्त झाल्याची समजूत पसरली. सीमा बंद होती, जाऊन पाहणारा कोणी नव्हता आणि ऐकीव गोष्ट खरी मानली गेली. इतिहास लिहिणाऱ्यांनी मनाशी बाळगावा असा हा प्रसंग आहे.

११/ सोव्हिएत वास्तुविशारदांनी इमारत दुरुस्त केली आणि १९६१ मध्ये ती वाचकांसाठी पुन्हा उघडली. पुढे १९९४ ते २०१३ अशी जवळजवळ वीस वर्षे फिनिश आणि रशियन तज्ज्ञांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. २०१४ मध्ये या कामाला वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड-नोल मॉडर्निझम पुरस्कार मिळाला. ज्या शहरासाठी दोन देश लढले, त्याच शहरातील छपराचे झरोके त्या दोन देशांच्या माणसांनी मिळून दुरुस्त केले.

१२/ शाश्वत वास्तू म्हटली की आपण सौर तक्ते आणि काचांचे थर मोजतो. ते मोजावेतच. पण वीपुरीकडून दोन गोष्टी शिकता येतात. एक, प्रकाशाची रचना उसनी आणता येत नाही. हेच झरोके पुण्यात जसेच्या तसे बांधले, तर मे महिन्यातले ऊन सरळ वाचकाच्या डोक्यावर उतरेल. दुसरी, उत्तम रचनेलाही सांभाळणारे हात लागतात. दहा हिवाळ्यांची उपेक्षा निस्तरायला अर्धे शतक लागले.

१३/ आता तुमची पाळी. तुमच्या गावातील किंवा महाविद्यालयातील ग्रंथालयात दिवे न लावता किती वाजेपर्यंत वाचता येते? आणि तुमच्या हाताची सावली पानाच्या कोणत्या बाजूला पडते? एकदा पाहून इथे जरूर लिहा.