पाणी पंचायत

पाणी पंचायत ही पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर उभी राहिलेली सामुदायिक पाणीवाटपाची व्यवस्था. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे तिचे प्रवर्तक. तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस सरासरी ५०० मिमीच्या आसपास, तोही बेभरवशाचा. बहुतेकांची जमीन थोडी आणि मुरमाड, पीक बाजरी-ज्वारीचे. दुष्काळी कामांवर खडी फोडून त्या वर्षापुरते पोट भरे, पण पुढचा दुष्काळ टळत नसे. हे पाहून साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची १६ हेक्टर पडीक जमीन खंडाने घेतली. तेथे उतारावर बांध, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर व वर शेतापर्यंत उपसा अशी रचना झाली. या कामासाठी १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले.

बांधबंदिस्तीची कल्पना या भागाला अगदी नवी नव्हती. डोंगरउतारावरचे पाणी व गाळ बांध घालून अडवावा, असे महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) सुचवले होते. फुल्यांचे घराणे पुरंदरमधील खानवडीशी निगडित.

पंचायतीचे खरे वेगळेपण मात्र बांधांत नव्हे, नियमांत आहे. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने मिळे : माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नसे. तो शेतकऱ्यांच्या गटाकडे परत येई. भूमिहीनांनाही वाटा होता व ते दुसऱ्याची जमीन वाट्याने करून तो वापरू शकत. योजना एकट्यादुकट्याला मिळत नसे. गटाने खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतः उभा करायचा आणि पाळीपाळीने पाणी सोडायला पाटकरी नेमायचा.

उसाला बंदी होती. ऊस बारमाही पीक; त्याच्या एका एकराच्या पाण्यात हंगामी पिकांचे कितीतरी एकर भिजतात. त्यामुळे गहू, ज्वारी, कडधान्ये व भाजीपाला हाच पीकक्रम ठरला. मोठ्या शेतकऱ्याला ही अट जाचक वाटणे साहजिक होते. दोन एकरवाल्याला मात्र तिच्यामुळेच दुसरे पीक मिळाले.

बाजारावर पंचायतीचा ताबा नव्हता. पुरंदरचा वाटाणा, अंजीर, सीताफळ पुण्यात येई. तेथील मंडईतला घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी आडत शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जाई. फळे-भाजीपाल्यावरची आडत खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

साळुंखे यांचे २००२ मध्ये निधन झाले. पुढे खासगी विहिरी व विंधनविहिरी वाढल्या आणि अनेक गट विस्कळीत झाले. शासनाच्या पुरंदर उपसा योजनेने मुळा-मुठेचे पाणी तालुक्यात आणले. त्यात पुणे शहराचे सांडपाणीही मिसळलेले असते.

पाणी पंचायतीप्रमाणे सामायिक साधने वापरणारेच नियम करून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात मांडले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा २००५ मध्ये झाला. त्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, पण सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकांपुरते ठेवले. भूमिहीनाचा वाटा कायद्यात आलाच नाही.