पेटीतली पत्रं आणि पिवळा ताप



आजची गोष्ट एका अशा रोगाची आहे, जो आपल्या देशात कधी पसरला नाही. तरीही बीडच्या बाईने ती ऐकावी असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

१९५७ सालचा मार्च महिना. आताच्या कर्नाटकात शिमोगा जिल्हा आहे. तिथल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल. त्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. त्याच सुमारास जंगलाकाठच्या गावांतली माणसं तापाने फणफणू लागली. काही दगावली. जंगलात लाकूडफाट्याला जाणारी, गुरं चारणारी ही माणसं.

ही खबर पुण्याला पोचली. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. आज आपण त्यालाच एनआयव्ही म्हणतो, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. करोनाच्या काळात हे नाव आपण रोज ऐकलं. तिथल्या डॉक्टरांच्या मनात पहिली शंका आली, ती ही की पिवळा ताप भारतात शिरला की काय?

पिवळा ताप म्हणजे आपली नेहमीची कावीळ नव्हे. हा विषाणूचा ताप आहे. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत तो होतो. यकृत बिघडतं, डोळे पिवळे होतात, रक्तस्राव होतो, काळी उलटी होते. दक्षिण अमेरिकेत माणसांत साथ येण्याआधी जंगलातली माकडं मरतात. म्हणून मेलेली माकडं बघून पुण्याच्या डॉक्टरांना धडकी भरली.

शंकेला दुसरंही कारण होतं. हा ताप ज्या डासामुळे पसरतो, तो डास आपल्याकडे भरपूर आहे. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा आणि अंडी घालतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. त्याचं नाव एडीस इजिप्ती. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास हाच. आपल्या रांजणात, ड्रममध्ये, हौदात वाढतो तोच. १९१४ साली पनामाचा कालवा खुला झाला. बोटी तिकडून सरळ आशियाकडे येतील आणि ताप घेऊन येतील, ही भीती इंग्रज सरकारला त्याआधीच वाटत होती. त्यासाठी एस. पी. जेम्स नावाच्या डॉक्टरला अभ्यासाला पाठवलं होतं.

पण हा ताप डास पसरवतो हे कळलं कसं? त्यासाठी आपल्याला १९०० सालच्या क्यूबाला जावं लागेल. अमेरिकेजवळचं हे बेट, उसाचं बेट. तिथे अमेरिकेचं सैन्य होतं आणि शिपाई पिवळ्या तापाने मरत होते. लोक समजायचे की ताप रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून पसरतो. कार्लोस फिनले नावाच्या क्यूबाच्याच डॉक्टरने १८८१ सालीच सांगितलं होतं की हा डासाचा खेळ आहे. त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९०० साली अमेरिकेने चार डॉक्टरांचं पथक नेमलं. प्रमुख वॉल्टर रीड. पथकात जेसी लाझियर नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याची बायको मेबल बाळंतपणासाठी अमेरिकेत परतली होती. ८ सप्टेंबरला त्याने तिला पत्र लिहिलं. रोगाचं मूळ आता हाती लागेल असं वाटतंय, अशा अर्थाचं. २५ सप्टेंबरला तो स्वतःच पिवळ्या तापाने गेला. नुकती जन्मलेली मुलगी त्याने पाहिलीही नाही.

मग रीडने छावणी उभारली आणि तिला लाझियरचं नाव दिलं. एका खोलीत रोग्यांचे घाणेरडे कपडे, चादरी, उशा भरल्या. त्यात तीन माणसं वीस रात्री झोपली. एकालाही ताप आला नाही. दुसरी खोली स्वच्छ होती, मधोमध जाळी. जाळीच्या एका बाजूला रोग्याला चावलेले डास सोडले. त्या बाजूला जो झोपला तो आजारी पडला, दुसऱ्या बाजूचे ठणठणीत राहिले. बघा, कपडे धुणाऱ्या हातांवर आळ होता तो असा उतरला. रोग्याला चावल्यावर डासाच्या पोटात विषाणू वाढायला बारा दिवसांच्या आसपास लागतात. मगच तो दुसऱ्याला ताप देतो. हा मधला काळ ध्यानात न आल्यामुळे इतकी वर्षं गोंधळ झाला होता.

आता कागदांकडे येते. डास चावून घेणाऱ्यांत काही स्पेनहून आलेले गरीब मजूर होते. रीडने त्यांच्याशी लेखी करार केला, त्यांच्या स्पॅनिश भाषेत. सोन्याच्या नाण्यांत शंभर डॉलर, आजारी पडला तर आणखी शंभर. माणसाला काय धोका आहे ते सांगून त्याची लेखी संमती घेण्याचं हे फार जुनं उदाहरण मानलं जातं. पण तो करार नीट वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या बेटावर राहिलास तर ताप टळणारच नाही, त्यापेक्षा आमच्या देखरेखीखाली आलेला बरा, असं त्यात लिहिलंय. सही खरी होती. पण सहीच्या आधी भीती उभी केली होती.

पुढच्या वर्षी, १९०१ साली, हवानाच्या इस्पितळात काम करणाऱ्या क्लारा मास या अमेरिकन नर्सने प्रयोगासाठी डास चावून घेतला. तिलाही शंभर डॉलर मिळणार होते. २४ ऑगस्टला ती गेली. वय पंचवीस. तिच्या मृत्यूनंतर माणसांवरचे हे प्रयोग थांबले. पुढे क्यूबाने आणि अमेरिकेने तिच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. १९३७ साली मॅक्स थेलर यांनी लस तयार केली, आणि आता एका टोचणीत या तापापासून बचाव होतो.

हे सगळं इतक्या बारकाईने आपल्याला कसं माहीत? कारण कोणीतरी पत्रं जपून ठेवली होती. फिलिप हेंच नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ती गोळा केली. त्यांना १९५० साली सांधेदुखीवरच्या औषधाच्या शोधासाठी नोबेल मिळालं. पण त्यांनी जवळजवळ तीस वर्षं दुसरंच एक काम केलं. छावणीत जे होते, त्यांतले जे हयात होते त्यांना, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना ते पत्रं लिहीत राहिले. तुम्हाला काय आठवतं? घरी काही कागद आहेत का? क्यूबात जाऊन त्यांनी छावणीची जागाही शोधून काढली.

आणि घराघरांतून कागद निघाले. लाझियरने बायकोला, आईला लिहिलेली पत्रं होती. रीडने बायको एमिलीला लिहिलेली पत्रं होती. त्यातलं एक ३१ डिसेंबर १९०० च्या रात्रीचं. जुनं शतक संपत असताना तो तिला सांगतो की माणसाचं दुःख हलकं करण्याची आपली वीस वर्षांची प्रार्थना फळाला आली. लाझियरला डास चुकून चावला की त्याने मुद्दाम चावून घेतला, हा वाद या पत्रांच्या आधारेच आजवर चालतो. १९६५ साली हेंच वारले. त्यांच्या पत्नीने ते हजारो कागद व्हर्जिनिया विद्यापीठाला दिले.

सख्यांनो, सरकारी अहवालात आकडे असतात. बाळाची आठवण काढणारा डॉक्टर सापडतो तो घरच्या पेटीत. आपल्याकडेही हेच झालंय. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातलं एक २० एप्रिल १८७७ चं, ओतूरहून लिहिलेलं, दुष्काळावरचं. ते राहिलं म्हणून त्या दुष्काळात गावांत काय चाललं होतं, ते एका बाईच्या शब्दांत आपल्याला कळतं. पुढे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

क्यासनूरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुण्याच्या पथकाने मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून विषाणू वेगळा काढला. तो पिवळ्या तापाचा नव्हता. नवाच होता, आणि तो डास नाही तर गोचीड पसरवत होती. हाच तो माकडताप. २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. म्हणजे गावकऱ्यांनी माकडं मरताना पाहिली आणि ती खबर वर गेली, म्हणून रोगाचा माग लागला. आपल्या शिवारात एकदम माकडं किंवा पाखरं मेली तर हात लावू नका, आशाताईला आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं शास्त्राच्या कामाचं असतं.

आता बीडचं बोलू. आपल्या जिल्ह्याचं नाव २०१९ साली देशभर गाजलं, ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्यामुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणींना सांगितलं गेलं होतं की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. क्यूबाच्या त्या करारातली ओळ आठवते ना? आधी भीती, मग सही.

आमच्या गटाच्या बैठकीत मी विचारते, तुझं ऑपरेशन का झालं? उत्तर येतं, डॉक्टर म्हणाले म्हणून. कागद कुठे आहेत? कोपीवर राहिले, पावसात भिजले, मुकादमाकडे होते. ज्या शरीराने कोयता चालवला, त्या शरीराची एक ओळही घरात नाही. उद्या त्रास झाला, हक्क मागायचा झाला, तर दाखवणार काय?

म्हणून तीन गोष्टी करू या. पहिली, प्रत्येकीने एक प्लास्टिकची फाइल करायची. केस पेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्राची प्रत, मुलांची लसीकरणाची कार्डं त्यात ठेवायची. ऊसतोडीला जाताना ती सोबत न्यायची किंवा सासू-आईकडे ठेवायची. कागद मागायला लाजू नका. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. दुसरी, सही किंवा अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्यायचा. वाचता येत नसेल तर गटातल्या सखीला सोबत न्या. काय होणार, नाही केलं तर काय, दुसरा उपाय आहे का, हे तीन प्रश्न विचारा. खूप घाई केली जात असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

तिसरी गोष्ट त्या पट्टेरी डासाची. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, रांजण आणि ड्रम आतून घासायला हवेत. टँकरच्या पाण्याचा थेंब सांडायला जीव होत नाही, हे मी जाणते. ते पाणी कपड्यांना, झाडांना वापरा, दुसऱ्या भांड्यात काढा, पण आतली बाजू घासा आणि वर घट्ट कापड बांधा.

पुढच्या बैठकीला आपापली फाइल घेऊन या. ज्यांच्याकडे एकही कागद नसेल त्यांनीही या. आपण बसून त्यांच्याकडून ऐकू आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू. कोणतं साल, कोणता दवाखाना, काय सांगितलं गेलं. त्याखाली तारीख टाकू.